डिसेंबरात टिकलेला ओव्हरक्लॉक एप्रिलमध्ये का पडतो?

निफाड तालुक्याचं नाव दर हिवाळ्यात बातम्यांत येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि मणी तडकतील या काळजीनं बागाईतदारांची झोप उडते. त्याच तालुक्यात, गोदावरीच्या काठावरच्या सायखेड्यात, एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या खोलीत तर त्याच्याही वर जातो. एकाच टेबलावरून न हललेल्या कॉम्प्युटरला चार महिन्यांत पंचवीस-तीस अंशांचा फरक सोसावा लागतो.

गेम खेळणाऱ्या पोरांच्या एका नेहमीच्या तक्रारीचं मूळ या फरकात आहे. नाताळच्या सुट्टीत प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगावर नेला, दोन-तीन महिने झकास चालला. परीक्षा संपल्यावर निवांत खेळायला बसावं, तर अर्ध्या तासात गेम बंद. कधी निळा पडदा येतो, कधी चित्र गोठून आवाजाची नुसती घरघर राहते, कधी सगळं काळं होऊन मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. दोष आधी गेमला दिला जातो, मग ग्राफिक्स कार्डाला, मग विंडोजला. विंडोज नव्यानं टाकूनही दुखणं हटत नाही. ओव्हरक्लॉकच्या सेटिंगला डिसेंबरनंतर कुणी हातच लावलेला नसतो, त्यामुळे संशय तिकडे जात नाही. वास्तविक पहिला संशय तिथेच घ्यायला हवा.

प्रोसेसरचं सगळं काम ठोक्यावर चालतं. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि प्रोसेसर त्याला एका गुणकानं गुणतो. गुणक ४२ असेल तर वेग ४.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४२० कोटी ठोके. लागोपाठच्या दोन ठोक्यांमध्ये नॅनोसेकंदाचा जेमतेम चौथा हिस्सा मिळतो. तेवढ्या वेळात विजेचा संकेत ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून पार होऊन पलीकडच्या टोकाला स्थिर व्हावा लागतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगांत, गुणक ४२ चा ४६ केला की ही मुदत सुमारे नऊ टक्क्यांनी आखडते. बहुतेक साखळ्या तरीही वेळेत पार पडतात. सगळ्यात लांबची एखादी साखळी कधीतरी मागे राहते, आणि पलीकडे अर्धवट किंवा शिळा आकडा उचलला जातो. आकडा चुकला हे प्रोसेसरला दर वेळी कळतंच असं नाही. तो त्या आकड्यावर पुढची गणितं करत सुटतो.

संकेत वेळेत पोचावेत म्हणून व्होल्टेज वाढवतात, कारण जास्त व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर लवकर उघडझाप करतात. याची किंमत जबर आहे. प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.२ गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टवरून ४.६ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर गेलं, तर वेग साडेनऊ टक्के वाढतो आणि वीज जवळपास ३९ टक्के. शंभर वॅटचा प्रोसेसर एकशे एकोणचाळीस वॅटचा होतो. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन कॅबिनेटमध्ये उतरते.

आता खोलीच्या तापमानाकडे या. कूलर कितीही भारी असला तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, खोलीच्या वर किती अंशांवर ठेवायचं तेवढंच त्याच्या हातात असतं. एखादा कूलर पूर्ण भारात प्रोसेसरला खोलीच्या वर पन्नास अंशांवर ठेवत असेल, तर पंधरा अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ वर राहील आणि चाळीस अंशांच्या खोलीत ९० वर. प्रत्यक्षात थोडा अधिकच, कारण तापलेल्या चिपमध्ये विजेची गळती वाढते आणि ती गळती चिपला आणखी तापवते. शिवाय ओव्हरक्लॉकच्या चढ्या व्होल्टेजवर तापलेले ट्रान्झिस्टर आणि तारा सुस्तावतात. थंडीत जो वेग १.३० व्होल्टवर निभावत होता, त्यालाच उन्हाळ्यात थोडं जास्त व्होल्टेज लागतं. ते द्यावं तर उष्णता पुन्हा वाढते. नुसता कूलर बदलून भागेल का, हे म्हणून कूलरच्या किमतीवरून सांगता येत नाही, ते खोलीवर ठरतं.

थंडी आणि वेग यांचं नातं किती जवळचं आहे ते विक्रमवीरांकडे पाहिलं की कळतं. २०२२ मध्ये प्रोसेसरनं ९ गिगाहर्ट्झची पायरी ओलांडली, पण ती अतिशीत द्रवांच्या जोरावर. या खेळात सर्रास वापरला जाणारा द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. आपल्या गावांना हा द्रव अनोळखी नाही. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी आणलेल्या रेतमात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात ज्या कंटेनरमध्ये ठेवतात, त्यात तोच असतो. मात्र असे विक्रम काही क्षणांचे असतात, त्यावर कुणी संध्याकाळभर गेम खेळत नाही.

ओव्हरक्लॉकिंगची जी कीर्ती आहे ती मुख्यतः जुन्या काळाची. १९९८ मध्ये इंटेलनं सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा गुणक ४.५ ला बांधलेला होता आणि मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झचा. मदरबोर्डवर ठोका १०० केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावायचा, आणि बरेचसे नग धावायचेही. पन्नास टक्के वेग फुकटात! त्या काळी कंपन्या चिपमध्ये एवढी जागा मोकळी सोडत. आजचे प्रोसेसर ती जागा स्वतःच वापरतात. तापमान, वीज आणि भार बघून ते सेकंदात कितीतरी वेळा आपला वेग वर-खाली करतात आणि कारखान्यातून येतानाच कडेच्या जवळ चालत असतात. जी थोडी फट उरते ती कंपनीनं उन्हाळ्यासाठी, धुळीसाठी, कमी-जास्त विजेसाठी आणि चिपच्या म्हातारपणासाठी राखलेली असते. ओव्हरक्लॉक करणारा ती राखीव फट खर्च करतो, आणि सायखेड्यासारख्या ठिकाणी उन्हाळा, धूळ आणि वीज या तिन्ही गोष्टी तिच्यावर हक्क सांगायला येतात.

दुसरा गोंधळ चाचणीचा. ‘मी रात्रभर स्ट्रेस टेस्ट चालवली, काही झालं नाही, मग गेममध्येच का पडतो?’ प्रश्न रास्त आहे. ओव्हरक्लॉक तपासायला लोक प्राइम९५ वापरतात. मुळात तो मर्सेन अविभाज्य संख्या शोधायचा प्रोग्राम. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेल्या शोधमोहिमेसाठी तो लिहिला गेला. त्या हिशेबात एक अंक चुकला तरी महिन्याची मेहनत वाया जाते, म्हणून प्रोग्राम आपली गणितं सतत ताडून पाहतो. ही शिस्त चाचणीच्या कामाला आली. पण प्राइम९५ प्रोसेसरवर एकसारखा, जड आणि न हलणारा भार टाकतो. काही मदरबोर्डांवर अशा जड गणितांच्या वेळी प्रोसेसर आपला वेग थोडा उतरवतो, म्हणजे चाचणी ४.४ वर होते आणि गेम ४.६ वर चालतो. चाचणीत ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलेलं असतं, गेममध्ये ते दोनशे-अडीचशे वॅटची गरम हवा त्याच कॅबिनेटमध्ये सोडतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गेमचा भार उड्या मारतो. नकाशा लोड होतो, स्फोट होतो, पुन्हा दोन क्षण शांतता, मग एकदम गर्दी.

या उड्यांनी काय होतं ते मळ्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. डीपीपासून लांबच्या वस्तीवर चार मोटारी एकदम सुरू झाल्या की बल्ब मंदावतो, कारण तारेला रोध असतो आणि प्रवाह वाढला की तारेतच व्होल्टेज खर्ची पडतं. मदरबोर्डवरून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर हाच नियम चालतो. तिथला परिणामी रोध एक मिलिओहम धरा आणि प्रवाह एकदम शंभर अँपिअरनं वाढला असं माना, की दहावा हिस्सा व्होल्ट गळाला. बायोसमध्ये १.३० लिहिलंय, पण भाराच्या क्षणी प्रोसेसरला १.२० मिळतंय. ओव्हरक्लॉकसाठी शंभरावा हिस्सा व्होल्टही निर्णायक ठरतो, तिथे ही घट मोठी आहे. ती भरून काढायला बायोसमध्ये लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाची सोय असते. ती सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन ठेवायचा मोह टाळावा. भार अचानक उतरला की व्होल्टेज उलट वर उसळतं, आणि ती उसळी प्रोसेसरचं आयुष्य खाते. मधली पायरी बरी.

क्रॅश पाहून दोष ओळखणं किती अवघड असतं, याचा धडा २०२४ मध्ये साऱ्या जगाला मिळाला. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या जास्त वॅटच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम कोसळायला लागले. पडद्यावर संदेश यायचा की व्हिडिओ मेमरी संपली. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकले. दोष प्रोसेसरचा होता. नवे गेम सुरू होताना शेडर तयार करतात आणि दाबून ठेवलेला डेटा उलगडतात. या कामात सगळे कोअर एकदम जुंपले जातात आणि उलगडताना एक बिट जरी चुकला तरी पुढचं सगळं फिसकटतं. प्रोसेसर चुकत होता आणि ओरड मात्र ग्राफिक्स कार्डाच्या नावानं होत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलनं मूळ सांगितलं. चिपच्या आत ठोका वाटून देणारा एक भाग चढं व्होल्टेज आणि तापमान यांनी अकाली म्हातारा होत होता. फटका बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी स्वतः काहीच ओव्हरक्लॉक केलं नव्हतं. व्होल्टेजची मागणी प्रोसेसरचाच मायक्रोकोड प्रमाणाबाहेर करत होता, शिवाय बरेच मदरबोर्ड आल्या-आल्याच मर्यादा सैल सोडून चालत होते. ऑगस्ट २०२४ च्या दुरुस्तीनं प्रोसेसरची व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टला अडवली. मात्र जी चिप आधीच झिजली होती ती या दुरुस्तीनं बरी झाली नाही.

एएमडीवाल्यांनीही फार हसू नये. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही एक्सथ्रीडी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. तिथेही दोष चढ्या व्होल्टेजचा होता आणि एएमडीला एका पुरवठ्याची कमाल १.३ व्होल्ट ठरवून द्यावी लागली.

तेव्हा मशीन पडलं की पहिल्यांदा ते कसं पडलं याकडे लक्ष द्या. निळा पडदा आला आणि त्यावर ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ किंवा ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ असं लिहिलेलं असेल, तर बोट बहुतेक प्रोसेसरकडे आहे. वेगाच्या मानानं व्होल्टेज अपुरं पडतंय. दर वेळी वेगळाच संदेश येत असेल, त्यात ‘मेमरी मॅनेजमेंट’ अधूनमधून डोकावत असेल, झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचं सांगितलं जात असेल, तर रॅम बघा. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हा रॅमचा वेग वाढवणारा पर्याय चालू करणं हाही ओव्हरक्लॉकच आहे. पाकिटावर ३६०० किंवा ६००० छापलेलं असलं तरी तुमच्या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर त्या वेगाची हमी देत नाही.

पडदा काळा होतो, पण आवाज चालूच राहतो, आणि काही क्षणांनी डेस्कटॉप परत येतो किंवा गेम तेवढा बंद पडतो. हे ग्राफिक्स कार्डाचं किंवा त्याच्या ड्रायव्हरचं लक्षण. कार्डानं दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. वर सांगितलेल्या इंटेलच्या किश्शामुळे याही निदानावर डोळे झाकून विसंबू नका. आणि काहीच न सांगता, दिवा विझावा तसं मशीन बंद पडत असेल, मागचा स्विच बंद-चालू केल्याखेरीज पुन्हा सुरूही होत नसेल, तर एसएमपीएसनं, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यानं, स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडलाय.

नुसतं तापमान वाढल्यामुळे मशीन बंद पडतं, हा समज अर्धाच खरा आहे. प्रोसेसर आपल्या मर्यादेला पोचला की आधी वेग उतरवतो. इंटेलमध्ये ही मर्यादा बहुधा १०० अंश असते, रायझन ७००० मध्ये ९५. म्हणून गरम झालेला, पण सेटिंगला हात न लावलेला प्रोसेसर गेम अडखळत चालवतो, पाडत नाही. ओव्हरक्लॉक केलेला मात्र मर्यादेच्या कितीतरी आधी, ऐंशी-पंच्याऐंशीवरच चुकायला लागू शकतो. ‘तापमान तर ठीक दिसतंय’ म्हणून ओव्हरक्लॉकला निर्दोष ठरवणं बरोबर नाही ते यामुळे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की पुष्कळ जण एसएमपीएस बदलायला निघतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कारण त्यात नसतं. तिच्या शेजारी ‘व्हिया-लॉगर’च्या नोंदी आहेत का ते शोधा. त्यांत १९ क्रमांकाच्या नोंदी सुधारलेल्या चुकांच्या असतात. मशीन पडलं नाही, पण पडता पडता वाचलं असा त्यांचा अर्थ. क्रॅश नसतानाही या नोंदी साचत असतील, तर ओव्हरक्लॉक टिकलाय म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे.

निदानाची पद्धत साधी आहे, फक्त चिकाटी लागते. बायोसमधल्या सगळ्या सेटिंगांचे मोबाइलवर फोटो काढा आणि ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स’ करून मशीन मूळपदावर आणा. मग तोच गेम, तेवढाच वेळ, शक्यतो त्याच वेळेला खेळा. दुपारी पडणारं मशीन रात्री अकराला तपासून काही कळत नाही. मूळ सेटिंगवरही पडत असेल तर ओव्हरक्लॉकचा विषय तूर्त बाजूला ठेवून ड्रायव्हर, एसएमपीएस, गेमच्या फाइली बघायच्या. पडत नसेल तर फक्त एक्सएमपी चालू करून पुन्हा खेळायचं. त्यातही टिकलं तर एक्सएमपी बंद करून फक्त प्रोसेसरचा ओव्हरक्लॉक लावायचा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत लिहून. दोन गोष्टी एकदम बदलून मशीन सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून.

दोषी ओव्हरक्लॉकच निघाला, तर दोन वाटा आहेत. गुणक एकानं उतरवायचा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ कमी. किंवा व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ नं वाढवायचं. मी उन्हाळ्यात पहिलीच वाट धरा असं सांगेन. शंभर मेगाहर्ट्झ कमी झाल्याचं खेळताना कळतही नाही, व्होल्टेज वाढल्याचं मात्र पंखा लगेच सांगतो. रॅमवर संशय असेल तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. त्यात एकही चूक खपवून घ्यायची नाही. प्रोसेसरसाठी प्राइम९५ च्या जोडीला ओसीसीटीची बदलत्या भाराची चाचणी घ्या, आणि चालू खेळात एचडब्ल्यूइन्फोनं तापमान आणि व्होल्टेज नोंदवत राहा. बायोसमध्ये इतकं ताणलं की मशीन सुरूच होईना, तर घाबरायचं कारण नाही. वीज तोडून मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल काही मिनिटं काढून ठेवला की सेटिंग बहुधा पुसली जातात.

एक शेपूट उरतं. अस्थिर मशीनवर महिनाभर काम केलं असेल, तर डिस्कवरच्या फाइलींतही चुकीचे बिट लिहिले गेलेले असू शकतात. ओव्हरक्लॉक काढला तरी गेम पडतोच, मग निष्कर्ष निघतो की ओव्हरक्लॉकचा दोष नव्हता. म्हणून मूळपदावर आल्यावर स्टीममध्ये गेमच्या फाइली व्हेरिफाय करून घ्या आणि विंडोजची स्वतःच्या फाइली तपासायची ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा चालवा. शाळा-कॉलेजचा प्रकल्प, घरातले फोटो, बागेचा हिशेब त्याच मशीनवर असेल तर त्याची प्रत आधी दुसरीकडे काढलेली बरी.

आता विजेचं. गावठाणात परिस्थिती बरी असते, मळ्यातल्या वस्तीवर व्होल्टेजचा भरवसा कमी. नव्या, चांगल्या एसएमपीएसना १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालतं, त्यामुळे नुसतं कमी व्होल्टेज त्यांना फारसं बाधत नाही. बाधते ती लाइटची मिचमिच. एसएमपीएसच्या पोटात पूर्ण भारावर जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद पुरेल एवढीच वीज साठवलेली असते. आपल्या पुरवठ्याचं एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं. एका आवर्तनाएवढी खोट गेली तरी मशीन पडू शकतं, आणि ओव्हरक्लॉकनं वॅट वाढले की साठवण आणखी लवकर संपते. स्वस्तातल्या, जुन्या धाटणीच्या एसएमपीएसमध्ये मूळ व्होल्टेजच कमी असेल तर ही साठवणही कमी भरते. मशीन पडल्याची वेळ आणि परिसरातल्या मोटारी सुरू होण्याची वेळ जुळते का, हे आठवडाभर लिहून पाहण्यासारखं आहे. जुळली तर बायोसशी झटापट थांबवा आणि वायरमनला बोलवा. त्याच फेरीत अर्थिंगही तपासून घ्या, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नक्कीच.

यूपीएसनं प्रश्न सुटतो, पण आकार बघून. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर आणि मध्यम ग्राफिक्स कार्ड मिळून गेममध्ये तेवढे वॅट सहज मागतात, आणि कार्डाची मागणी क्षणभर त्याहून बरीच वर उसळते. लाइट गेली की असा यूपीएस ओव्हरलोड होऊन तत्क्षणी मान टाकतो. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवत असाल तर तो साइन वेव्हचा हवा. चौकोनी लाटेवर काही एसएमपीएस कुरकुरतात, काही बंदच पडतात.

धुळीबद्दल थोडक्यात. सायखेड्याला पिंपळगाव बसवंत बाजार समितीचे कांद्याचे लिलाव होतात, घरोघरी चाळी आहेत, आणि कांद्याचा पातळ पापुद्रा वाऱ्यावर कुठवर जातो हे इथल्या माणसाला माहीत आहे. तो कूलरच्या पट्ट्यांमध्ये आणि पुढच्या जाळीत बसला की हवा अडते. दर दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रशनं साफ करा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं. ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरचं नाव तर काढूच नका. भुरीसाठी आणलेल्या गंधकाची पोती कॉम्प्युटरच्या खोलीत ठेवण्याची पद्धत काही घरांत असते, ती मोडावी. गंधक चांदी आणि तांबं काळं करतं आणि सर्किटमध्ये ही दोन्ही असतात. कूलरखालची थर्मल पेस्ट वाळली असेल तर ती बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी गावात शिरलं होतं, तेव्हा कॅबिनेट जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवणं हेही शहाणपणाचंच आहे.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती पीसींच्या क्रॅशच्या नोंदी तपासल्या होत्या. ओव्हरक्लॉक केलेली मशीनं जास्त पडतात, हे त्यात दिसलंच. शिवाय हार्डवेअरमुळे एकदा पडलेलं मशीन पुन्हा पडण्याची शक्यता कैक पटींनी वाढलेली होती. म्हणजे ‘एकदाच झालं, पुन्हा नाही होणार’ म्हणून सोडून देणं हा चुकीचा जुगार आहे.

माझं मत विचाराल तर आजच्या प्रोसेसरला हातानं ओव्हरक्लॉक करण्यात गेमसाठी फारसा नफा नाही. बहुतेक गेममध्ये ग्राफिक्स कार्ड आधी थकतं, प्रोसेसर त्याची वाट बघत बसतो. दहा टक्के वेगासाठी चाळीस टक्के वीज आणि उन्हाळाभर डोकेदुखी, हा सौदा तोट्याचा. उलटा प्रयोग जास्त फळतो. वेग तोच ठेवून व्होल्टेज किंचित उतरवायचं, म्हणजे अंडरव्होल्टिंग. चांगली चिप हाती लागली असेल तर तापमान दहा-एक अंशांनी उतरतं आणि प्रोसेसर स्वतःहूनच वरच्या वेगावर जास्त वेळ टिकतो. याचीही चाचणी तितक्याच कसून घ्यावी लागते, कारण व्होल्टेज जास्त उतरवलं तर परिणाम ओव्हरक्लॉकसारखाच. शिकण्यासाठी, हौसेसाठी ओव्हरक्लॉक करायचा असेल तर जरूर करा, मात्र त्यामुळे झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी दोघंही वॉरंटीत धरत नाहीत.

ज्यांच्याकडे इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा जास्त वॅटचा डेस्कटॉप प्रोसेसर आहे त्यांनी दुसरं काही करण्याआधी मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून नवा बायोस टाकून घ्यावा. सप्टेंबर २०२४ नंतरचा तरी हवाच. एवढं करूनही मूळ सेटिंगवर गेम पडत असेल तर चिप झिजलेली असण्याची शक्यता आहे. इंटेलनं अशा डबाबंद प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून खरेदीपासून पाच वर्षांची केली आहे. त्यासाठी खरेदीचं बिल लागतं. असेम्बल्ड पीसी घेताना ते बहुधा कुणी नीट जपत नाही, तेव्हा सापडत नसेल तर दुकानदाराकडून त्याची प्रत आजच मागून घ्या.